लेकीच्या लग्नात मी वाटलेले फेटे

माझ्या मुलीच्या लग्नाची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. ती मी नेहमी जेवणापासून सुरू करतो. वांग्याची भाजी कशी झाली होती, मठ्ठा कसा पुरून उरला, पंगतीला कोण कोण होतं. मध्येच एखादा विचारतो, "आबा, अन् अक्षता येळंवर पडल्या का?" तेव्हा मी चहा सांगतो. चहा येईपर्यंत विषय ऊसतोडीवर नेता येतो. हे मला आता सरावानं जमतं. अक्षता पडायच्या आधी त्या मांडवात काय झालं, ते मी एवढ्या वर्षांत कोणालाही नीट सांगितलेलं नाही. आता डॉक्टरांनी चहाच बंद केला आहे. विषय बदलायचं साधन राहिलं नाही, म्हणून सांगून टाकतो.

मी बारामती तालुक्यातला, कालव्याखालचा ऊसवाला. गावच्या विकास सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देते त्या संस्थेत, दोनदा संचालक होतो. तिसऱ्यांदा पडलो. पण आमच्याकडं संचालक पडला की 'माजी संचालक' होतो, आणि ते पद कोणी मतदान करून काढून घेऊ शकत नाही. कुठल्याही लग्नात मी मांडवात शिरलो की निवेदक माईकवरून माझं नाव पुकारायचा. कोणीतरी धावत येऊन डोक्याला फेटा बांधायचं, हातात नारळ द्यायचं. मी 'कशाला उगाच' असा चेहरा करून पुढच्या सोफ्यावर बसायचो. तो चेहरा मी घरी आरशापुढं बसवला होता. फेट्यांनी ट्रंक भरली, तेव्हा बायकोनं त्यांचे उशांचे अभ्रे शिवले. रात्री मी लोकांनी दिलेल्या मानावर डोकं टेकून झोपत असे.

पण हा मान फुकटचा नसतो. ज्यानं आपल्याला फेटा बांधला, त्याला आपल्या घरच्या कार्यात बांधावा लागतो. आणि मला एकच मुलगी. म्हणजे सगळी परतफेड एकाच मांडवात.

मुलगी बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत हिशेबाचं काम करायची. मुलगा त्याच कंपनीत मशिनवर इंजिनिअर. दोघांनी परस्पर जमवलं. त्याचं घर इंदापूर तालुक्यात, डाळजजवळ वस्तीवर. वडील लहानपणीच गेलेले. आईनं एकटीनं पेरूची बाग सांभाळून त्याला शिकवलं. मी चौकशीला गेलो तेव्हा विहीणबाई बागेत पाटी घेऊन पेरू तोडत होत्या. मला बघून पाटी खाली न ठेवताच म्हणाल्या, "पावणं, पोरानं पसंत केलीय म्हंजे मी पसंत केलीय. तुमी आता नुसता पेरू खावा." अशी विहीण मिळायला नशीब लागतं. माझ्याकडं नशीब होतं. पुढं त्याचं मी काय केलं ते सांगतोच.

लग्नाचा सगळा बेत पोरांनी स्वतःच केला. एका रविवारी दोघं आमच्या ओसरीवर येऊन बसली. मुलीनं मोबाईल काढला.

"आबा, आधी सगळं ऐका, मग बोला."

"मी कवा मधी बोलतो?"

"हे आत्ता बोललाच की," बायको आतून म्हणाली.

मुलीनं वाचायला सुरुवात केली. हळद आणि लग्न एकाच दिवशी. हळदीला गाणी बायका म्हणतील, स्पीकर नाही. पत्रिका मोबाईलवर. कार्यालय दोन्हीकडच्यांना मध्ये पडेल असं, भिगवण रस्त्यावरचं, निम्म्या दिवसापुरतं. जेवणात एकच गोड. दोन्हीकडची मिळून अडीचशे माणसं.

"अडीचशे?" मी म्हणालो. "अगं, अडीचशे माणूस आपल्याकडं दहाव्याला येतं."

"मग त्यास्नी तुमच्या दहाव्याला बोलवू," बायको म्हणाली.

मुलगा हसू दाबत म्हणाला, "मामा, खर्च आमचा दोघांचा, निम्मा निम्मा. तुमी काय काढायचं न्हाय." आमच्याकडं जावई सासऱ्याला मामाच म्हणतो.

बापाला यात आनंद व्हायला हवा. मला अपमान वाटला. "मंग मी काय फकस्त अक्षता टाकायला यायचं?"

"व्हय," बायको म्हणाली. "अन् येळंवर यायचं."

वाचलेल्या पैशातून वस्तीवरच्या घरात आईच्या खोलीला लागून न्हाणीघर बांधायचं होतं. कारण मधल्या काळात विहीणबाईंच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा बारामतीला येऊन डायलिसिस करावं लागे. पाणी मोजून प्यायचं, पाय सुजायचे, आणि फार वेळ बसलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. मुलानं हे सगळं खाली मान घालून सांगितलं. मग वर बघून म्हणाला, "मामा, आईला पाऊण तासाच्या वर बसवत न्हाय. तिला फोटो नको, जेवान नको. तिला माझ्या अक्षता बघायच्यात. तेवढ्यासाठी आमी सगळं बसवलंय. अकराचा मुहूर्त हाय, अकरालाच लागला पायजे."

"म्हणून सत्कार नाहीत, आबा," मुलगी म्हणाली. "भाषणं नाहीत. माईक फक्त भटजींजवळ. आणि फेटे फक्त दोन्ही घरच्यांना."

ती 'फेटे' म्हणाली तेव्हा माझ्याकडं बघत होती. मी "बरं" म्हणालो. मनापासून म्हणालो. माझं बरं नेहमी मनापासूनच असतं, ते टिकत नाही एवढंच.

पुढचे काही दिवस मी खरंच शहाण्यासारखा वागलो. मग एका सकाळी पंचायत समितीच्या एका माजी सभापतींकडं गेलो. माझ्या आईच्या दहाव्याला ते आले होते, त्यांना न बोलावणं बरं दिसलं नसतं. त्यांना बोलावलं, म्हणून त्यांच्या गाडीत नेहमी बसणाऱ्यांना बोलावलं. त्या लोकांना बोलावलं आणि आपल्या सोसायटीच्या लोकांना नाही, असं कसं चालेल? शिवाय ज्यांच्या मांडवात मी फेटे बांधून घेतले होते ती सगळी माणसं. प्रत्येकाला मी हळूच सांगायचो, "पोरांनी बारकंच ठेवलंय लग्न, पर तुमी यायचंच." त्या 'पर'मध्ये गाव मावलं. केटररला परस्पर सांगितलं, "पानं वाढवा, माझ्याकडनं घ्या." फेटे आणले, पोत्यात भरून पिकअपमध्ये खताच्या गोण्यांमागं ठेवले. निवेदक ठरवला. त्याच्या हातात कागद दिला, आणि त्या कागदावर विहीणबाईंचंही नाव घातलं. वाटलं, त्यांचाही मंचावर सत्कार करू, खूश होतील. मी इतका उदार माणूस होतो.

आदल्या दिवशी सभापतींचा फोन आला. "मला उद्या आणखी दोन ठिकाणी जायचंय. तुमी उरकून घ्या, माझी वाट बघू नका."

आता हे वाक्य आमच्या भागात सरळ घ्यायचं नसतं. मोठा माणूस 'वाट बघू नका' म्हणाला की तो थोरपणानं बोलला असं धरायचं, आणि थांबायचं. न थांबता अक्षता टाकल्या तर त्याला विचारलंच नाही असा अर्थ निघतो. निदान मी तरी जन्मभर तसंच धरत आलो होतो. मी फोनवर म्हणालो, "छे छे, तुमच्याशिवाय कसं हुईल?" ते पुढं काहीतरी म्हणत होते, पण मी फोन ठेवला.

लग्नाच्या दिवशी विहीणबाई वेळेच्या जराशा आधी आल्या. मुलानं तसंच बसवलं होतं, त्यांना उगाच ताटकळायला नको म्हणून. पहिल्या रांगेत मधोमध त्यांची खुर्ची होती, पाठीला उशी लावलेली. हिरवं लुगडं, पायांना सूज म्हणून चपला पुरुषांच्या. मला बघून म्हणाल्या, "पावणं, मांडवात माणूस लई दिसतंय. अडीचशेच म्हनला हुता का न्हाय?"

"आलेत आपले प्रेमानं," मी म्हणालो.

मुलगी बोहल्यावर आली आणि तिनं मांडवावरून नजर फिरवली. तिचं सगळं काम हिशेबाचं. माणसं मोजायला तिला खुर्च्यांच्या रांगा पुरतात. मुंडावळ्यांमधून तिनं माझ्याकडं बघितलं. मी निवेदकाकडं बघितलं. निवेदकाला वाटलं मी खूण केली. त्यानं माईक हातात घेतला.

त्या निवेदकाला एक वरदान होतं. त्याचा श्वास संपत नसे. "या मंगलप्रसंगी आवर्जून उपस्थित असलेले" असं सुरू केलं की एकेक नाव, त्या नावाची पदं, माजी पदं, आणि मग "यांचा यथोचित सन्मान करण्यात येत आहे." पोतं उघडलं. फेटे बांधणारे कामाला लागले. एक फेटा बांधायला वेळ लागतो. घाईत बांधला तर सुटतो, आणि सुटला तर अपमान होतो. भटजी घड्याळ बघत होते.

"यजमान, वेळ होत आली."

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

अकरा वाजून गेले. सभापतींना फोन लावला. गाडीतल्या कोणीतरी उचलला. "निघालोय, बारामती सोडली." बारामती सोडली म्हणजे अजून चहा चालला असणार, हे मला कळायला हवं होतं, कारण मीही तसंच सांगतो. बायको गर्दीतून वाट काढत आली.

"अवो, विहीणबाईस्नी बसवंना. घाम फुटलाय त्यांना. लावा लग्न."

"पाच मिनिटं गं. गाडी निघालीय."

"तुमची गाडी गेली खड्ड्यात. मी काय म्हंतीय?"

"पाव्हण्यांच्या देखत बोलू नको," मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो. डोक्याला नारिंगी फेटा होता, आणि तो मला शोभत होता असं फोटोत दिसतं.

बायको मागं गेली आणि विहीणबाईंना धरून उठवलं. त्या उठल्या, पण तिथंच उभ्या राहिल्या. मंचाकडं बघत होत्या. पाटावर उभ्या मुलानं ते पाहिलं आणि तो खाली उतरायला निघाला. त्यांनी हातानंच त्याला थांब म्हणून खुणावलं, एकदा पाटावर चढलेल्या नवरदेवानं अक्षता पडेपर्यंत उतरायचं नसतं अशा हट्टानं. मग बायकोच्या खांद्यावर भार टाकून हळूहळू चालत बाहेर गेल्या. बाहेर गाडीत एसी लावून त्यांना आडवं केलं. बायको त्यांच्याजवळ बसली. हे सगळं मी पाहिलं. मधे फेटे बांधून घेणारी माणसं होती, पण दिसत सगळं होतं. मी मनाशी म्हटलं, जरा पडल्या की बरं वाटेल, तोवर सभापती येतील, मग त्यांना परत आणू. म्हणजे तेही मी नियोजनातच बसवलं.

सभापती आले. मी पळत गेलो. त्यांनी बोहल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"अजून लागलं न्हाय व्हय? अवो, मी सांगितलं हुतं ना, उरकून घ्या म्हणून? मी नुसता जेवाय आलोय. मला शुगर हाय, येळंवर जेवावं लागतं."

"तुमच्याशिवाय कसं..."

"आवं, लावा लावा!"

पण निवेदकानं त्यांच्या हातात माईक दिला होता, दोन शब्द आशीर्वादपर. हातात आलेला माईक परत करायची सवय त्यांनाही नव्हती. ते शेतीवर बोलले, पाण्यावर बोलले, आणि आटोपशीर लग्नांची आज किती गरज आहे यावर फार चांगलं बोलले. टाळ्या झाल्या. त्यानंतर निवेदकानं कागदावरचं पुढचं नाव घेतलं. "वरमाईंनी मंचावर यावं, त्यांचा सन्मान..." तीनदा पुकारलं. मग कोणीतरी त्याच्या कानात काही सांगितलं आणि त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला.

मी कोणालातरी गाडीकडं पिटाळलं. तो परत येऊन म्हणाला, त्यांना उठवत नाही, बीपी उतरलंय, तसंच दवाखान्यात नेतोय म्हणतात. भटजी आता कोणाला विचारायच्या मनःस्थितीत नव्हते. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या. दोघांच्या लग्नाला दोघांचीही आई मांडवात नव्हती. मुलगा समोर न बघता पूर्ण वेळ दाराकडं बघत होता. मुलगी माझ्याकडं बघत होती. मी अक्षता टाकल्या. बायकोनं सांगितलं होतं तेवढं काम मी केलं.

विहीणबाई संध्याकाळपर्यंत सावरल्या. कोणी मला काही बोललं नाही. मला भांडण हवं होतं. भांडणात मी चांगला आहे, सोसायटीच्या सभा मी तशाच जिंकल्या आहेत. पण जावई म्हणाला, "झालं ते झालं, मामा." मुलगी माझ्याशी बोलायची, फक्त 'आबा' म्हणायचं टाळून. घरी बायकोनं तो नारिंगी फेटा उशीच्या अभ्र्यालाही घेतला नाही.

महिनाभरानं व्हिडिओ आला. मुलीनं तो विहीणबाईंना टीव्हीवर लावून दिला, म्हणाली, आत्या, आता तरी अक्षता बघा. मीही तेव्हा तिथं होतो. व्हिडिओत मंगलाष्टका ऐकू येत होत्या, आणि पडद्यावर सभापती होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत सभापती. मध्ये एकदा घाम पुसताना. व्हिडिओवाल्याला मी बजावून ठेवलं होतं, पाव्हण्यांवरनं कॅमेरा हलवू नको. शेवटी बँड वाजला तेव्हा कॅमेरा बोहल्याकडं वळला. तोवर हार घालून झाले होते. विहीणबाई म्हणाल्या, "मानूस तसा देखना हाय." आणि हसल्या. मुलगी उठून आत गेली.

माफी मागायची हे मी तेव्हाच ठरवलं. मोटारसायकलवरून डाळजला जाताना पाठ करत जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून डझनभर केळी आणि दोन शहाळी नेली. किडनीच्या पेशंटला नेमकी तीच बंद असतात. त्यांनी पिशवीत बघितलं. "पावणं, मला मारायला आलाय व्हय?" त्यावर दोघंही हसलो, आणि अशा हसण्यानंतर माफीचा विषय काढणं मला जमलं नाही. केळी शेजारच्या पोरांनी खाल्ली.

पुढं एकदा त्या डायलिसिसला बारामतीत आल्या होत्या. मुलीला कंपनीतून निघायला उशीर होणार होता, म्हणून मी जाऊन बसलो. त्या पलंगावर होत्या, नळ्या लावलेल्या. मी स्टुलावर. उठून जायची सोय नव्हती, त्यांनाही आणि मलाही. मनात म्हटलं, आता सांग. त्यांनीच बोलायला सुरुवात केली.

"त्या दिशी गाडीत मला समदं ऐकू येत हुतं बरं का."

"काय?"

"माझं नाव पुकारलेलं. तीनदा. वरमाईनं मंचावर यावं. तुमच्या मंडळी माझं पाय चोळत हुत्या. मी त्यांना म्हनलं, बाई, सांगा की त्याला, मी हितं हाय म्हणून." त्या हसत होत्या. हसता हसता नळी लावलेला हात हलला म्हणून नर्स रागावली. "जन्मात पयल्यांदा माईकवर माझं नाव आलं, पावणं."

त्यांनी माझ्यासाठी एवढं सोपं करून दिलं होतं. आता नुसतं तोंड उघडायचं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "निवेदक आवाजाला चांगला होता."

"व्हय," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून पडल्या. मुलगी येईपर्यंत मी स्टुलावर बसून राहिलो.

शेवटचा गेलो तो पेरूच्या तोडीच्या दिवसांत. विहीणबाई नव्या न्हाणीघरालगतच्या खोलीत झोपल्या होत्या. चेहरा ओळखू येत नव्हता. मुलीनं सांगितलं, दिवसातला बराच वेळ झोपेतच असतात, थांबा, उठतील. मी थांबलो. बाहेर पाट्या भरत होत्या, कोणीतरी टेम्पोवाल्याशी दरावरून वाद घालत होतं. मुलीनं माझ्यासाठी चहा केला. तो पिऊन झाला तरी त्या उठल्या नाहीत. उन्हं उतरायला लागली, मला चष्म्यातूनही अंधारात रस्ता दिसत नाही, म्हणून मी निघालो. आठवडा पुरा व्हायच्या आत त्या गेल्या.

त्या दिवशी निघताना दारात मुलगी म्हणाली, "काही काम होतं का आत्यांकडं? उठल्या की सांगते."

"न्हाय, काम कसलं. सहज आलो होतो म्हणावं."

काम एवढंच होतं: विहीणबाई, तुम्हाला तुमच्या एकुलत्या एका लेकाच्या अक्षता बघायच्या होत्या, दुसरं काही नको होतं, ते मला माहीत होतं आणि तरी मी लग्न थांबवून ठेवलं. माझं चुकलं. त्या झोपल्या होत्या, पण मुलगी जागी होती, माझ्यासमोर दारात उभी होती, हातात रिकामी कपबशी घेऊन. तिला तरी हे तेव्हा म्हणता आलं असतं.